एका खाऱ्या संस्थानाची पुनर्स्थापना

ज्या गृहस्थाच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची एक टाकी काही वर्षे नांदून गेली आहे, त्याला ती गळू लागल्यावर दोनच मार्ग मोकळे राहतात: एक, या व्यसनातून सुटका झाल्याबद्दल ग्रामदैवतापुढे नारळ फोडणे, आणि दुसरा, नवी टाकी आणणे. पहिला मार्ग कोणी पत्करल्याचे ऐकिवात नसल्यामुळे प्रस्तुत मार्गदर्शन केवळ दुसऱ्या मार्गाच्या वाटसरूंसाठी आहे. गप्पी आणि सोनेरी मासे पाळणाऱ्या गोड्या पाण्यातील सज्जनांनी ते वाचण्यास प्रत्यवाय नाही. मात्र परक्या संस्थानाच्या अंतर्गत कारभारात त्यांनी ढवळाढवळ करू नये.

प्रथम मंजुरी. घरच्या दरबारात अर्ज गुदरताना नव्या खरेदीचा उच्चारही करू नये. जुनी टाकी बदलून आणतो, एवढेच म्हणावे. जुनी तीन फुटांची असल्यास मंजुरी तीन फुटांचीच घ्यावी आणि आणताना चार फुटांची आणावी असा प्रघात असून त्याला शास्त्राधारही आहे. कारण पाणी जितके अधिक, तितके त्यातले विष अधिक विरते, तपमान सावकाश चढते आणि मालकाने केलेली आगळीक माशांच्या जिवावर बेतण्याआधी त्याच्या ध्यानी येण्यास थोडा अवसर मिळतो. हा शास्त्राधार दरबारात मात्र उघड करू नये. ‘म्हणजे तुम्ही चुकणार हे आत्ताच ठरले आहे तर,’ असा शेरा अर्जावर पडतो आणि पुढे अपील नाही.

मंजुरीपाठोपाठ जुन्या टाकीचा पंचनामा करावा. तळाच्या काचेच्या सांध्याशी डोळा नेला असता सिलिकोनच्या काळ्या पट्टीखालून एक पांढरी, खरखरीत रेघ उमटलेली दिसते. बोट फिरवले की तिचा भुगा होतो आणि जिभेला लावला की खारट लागतो. पाणी गळून वाळते आणि मीठ साक्षीला राहते, हा खाऱ्या टाकीचा एक दुर्मीळ प्रामाणिकपणा होय. या रेघेवर वरून नवे सिलिकोन फासून प्रकरण मिटवण्याचा मोह होतो, पण जुन्या सिलिकोनवर नवे धरत नाही. सांधा पुरता खरवडून, काच कोरी करून मगच ते भरावे लागते, आणि एवढे करण्यापेक्षा टाकी बदलणे बरे, या निर्णयाला आपण आधीच आलेलो असतो.

आता हंगामी कारभाराची तजवीज. जुन्या टाकीतील मासे आणि दगड नव्या टाकीची प्रतिष्ठापना होईपर्यंत एका स्वच्छ पिंपात ठेवावेत. पिंप असे असावे की ज्यात पूर्वी साबण, रंग अथवा लोणचे यांपैकी काहीच नव्हते. येथे नवशिके आणि जाणते यांतला भेद स्पष्ट होतो. नवशिका मासे वाचवतो आणि दगड गच्चीवर वाळत घालतो. जाणता दगड आधी वाचवतो. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया सुटतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि पहिली दोन विषे अशी तिसऱ्या, पुष्कळ सौम्य पदार्थात उतरल्यावरच मासा सुखाने श्वास घेतो. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते राहतात दगडांच्या छिद्राछिद्रांत आणि गाळणीच्या स्पंजात. संस्थानचे खरे कारभारी हेच, बिनपगारी आणि बिनतक्रारी. मासे हे केवळ तैनातीला असलेले सरदार. दगड ओले, खाऱ्या पाण्यात, वाहत्या प्रवाहात राहिले तर कारभारी शाबूत राहतात आणि नवी टाकी थोडक्यात मार्गी लागते. दगड वाळले तर सारी भरती पुन्हा मुळापासून करावी लागते, आणि तिला चार ते सहा आठवडे जातात. त्या अवधीत गृहस्थ रोज संध्याकाळी दिवा लावून रिकाम्या पाण्यापुढे बसलेला पाहून पाहुणे आस्थेने त्याच्या प्रकृतीची चौकशी करतात. जुनी वाळू मात्र फेकावी. वर्षानुवर्षे तिच्या तळाशी दडलेली घाण ढवळताच मोकळी होते, आणि नव्या टाकीत पहिल्याच दिवशी अमोनिया चढतो.

जागेची निवड हा वास्तुशास्त्राचा विषय असून त्यात ईशान्य कोपऱ्यापेक्षा तुळई अधिक महत्त्वाची आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत सुमारे तीनशे लिटर पाणी मावते. समुद्राचे पाणी गोड्याहून किंचित जड असल्याने त्याचे वजन तीनशे किलोंच्या वर जाते. बारा मिलिमीटर जाडीची काच, दगड, वाळू, खालचे कपाट आणि त्यातली सम्पची टाकी धरता साडेपाचशे किलोंचा अदमास करावा. म्हणजे सात-आठ धष्टपुष्ट पाहुणे एका बाकाएवढ्या जागेत खेटून उभे आहेत आणि जायचे नावच काढीत नाहीत असे समजावे. राहत्या घरांच्या मजल्यासाठी भारतीय मानकांनी दर चौरस मीटरला सरासरी दोनशे किलो भार गृहीत धरला आहे. तेव्हा टाकी भिंतीलगत आणि शक्यतो तुळईच्या माथ्यावर ठेवावी, व इमारत जुनी असल्यास संरचना-अभियंत्याला विचारावे. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याला विचारू नये. कपाटावर पाणसळ ठेवून बुडबुडा मध्यावर येईपर्यंत पाचरी माराव्यात, कारण टाकी एका बाजूला कलली तर तिचा सारा ताण एकाच सांध्यावर येतो. त्यावर थर्मोकोलचा पातळ तक्ता घालून मग टाकी ठेवावी. टाकी आणण्यापूर्वी लिफ्टचे माप घ्यावे. हे वाक्य सर्वजण वाचतात आणि कोणीही माप घेत नाही, म्हणून चार हमालांची मजुरी अंदाजपत्रकात आधीच धरावी.

रिकामी टाकी प्रथम साध्या पाण्याने भरून, सांध्यांखाली कोरी वर्तमानपत्रे पसरून दोन-तीन दिवस तशीच ठेवावी. अग्रलेख कोरडा राहिला तर टाकी उत्तीर्ण.

आता आपण पाण्याकडे येतो, आणि येथे घाई करणाऱ्याने हे प्रकरण सोडून द्यावे. चौपाटी घरापासून दहा मिनिटांवर आहे, मग समुद्राचे पाणी विकत का घ्यायचे, असा प्रश्न सासरेबुवा विचारतात, आणि तो गैरवाजवी नाही. परंतु शहरालगतच्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी असते, पावसाळ्यात नद्यानाल्यांच्या लोंढ्याने त्याचा खारटपणा उतरतो, आणि दोन पिंपे पाणी लिफ्टमधून आणल्यावर सोसायटीच्या सचिवांचा खलिता येतो तो निराळाच. मग वाण्याकडचे खडेमीठ का नको? कारण मिठागरात समुद्राचे पाणी आटताना चुना जिप्समच्या रूपाने आधीच खाली बसतो, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियम मागे उरलेल्या कडू पाण्यात राहते. आपल्या पदरात पडते ते बहुतांशी निव्वळ सोडियम क्लोराइड. आमटीला ते पुरते. समुद्राला पुरत नाही. म्हणून दुकानातून मत्स्यालयासाठीच बनवलेले साल्ट मिक्स आणावे, आणि त्याची किंमत घरी किलोवर न सांगता लिटरवर सांगावी.

मीठ ज्या पाण्यात घालायचे ते आरओचे, आणि तेही डीआयच्या नळकांड्यातून पुढे गेलेले असावे. टीडीएस मीटरवर शून्य दिसले पाहिजे. स्वयंपाकघरातील आरओचे पाणी माणसांना चालते, संस्थानाला नाही. तांब्याच्या हंड्यातील पाणी धर्मशास्त्राने पवित्र मानले असले तरी कोळंबी, खेकडे आणि शंखातील जीव यांना तांबे अल्प प्रमाणातही प्राणघातक आहे, तेव्हा येथे धर्मशास्त्राने माघार घ्यावी. पाण्यात मीठ घालावे, मिठावर पाणी ओतू नये. अन्यथा त्यातला चुना साक्याच्या रूपाने खाली बसतो आणि पुन्हा विरघळत नाही. लिटरमागे पस्तीस ग्रॅमांच्या आसपास मीठ लागते. पंप लावून दिवसभर ढवळावे आणि मग रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब ठेवून उजेडाकडे धरावे. डोळ्याला निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा दिसते. ती हजारी पस्तीसवर, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या जवळ आली की मिश्रण तयार. पुढे टाकीतून रोज थोडे पाणी वाफ होऊन उडते, पण मीठ जागच्या जागी राहते. म्हणून कमी झालेले पाणी भरताना ते गोडेच घालावे. खारे पाणी कमी झाले म्हणून खारेच भरणारा गृहस्थ काही आठवड्यांत मृत समुद्राचा मालक होतो.

यंत्रसामग्रीबद्दल थोडक्यात. स्किमर पाण्यात बारीक फेस करून घाण वर काढतो. त्याचा पेला रिकामा करण्याचे काम वास न येणाऱ्या माणसाकडे द्यावे. मे महिन्यात मुंबईच्या दिवाणखान्याचे तपमान तेहतीस-चौतिसावर जाते आणि माशांना सव्वीसच्या आसपास हवे असते, म्हणून चिलर लागतो. तो पाण्यातली उष्णता काढून दिवाणखान्यातच सोडतो आणि माशांचा उन्हाळा गृहस्थाच्या वाट्याला येतो. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे ओघळणारा थेंब झोळातून खाली पडतो, प्लगमध्ये शिरत नाही. आणि पहिला वीजखंड मुद्दाम स्वतःच्या हाताने घडवावा: मासे येण्यापूर्वी मुख्य बटण बंद करून वरचे पाणी नळ्यांतून खालच्या सम्पमध्ये किती उतरते ते पाहावे. ते जमिनीवर उतरले तर सम्पमधील पातळी कमी करावी, जमीन पुसावी आणि पुन्हा बटण दाबावे.

रहिवाशांच्या निवडीत कायदा आडवा येतो, आणि आला हे बरे झाले. प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे छत्र आहे. मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहेत आणि १९८७ पासून तेथे सागरी अभयारण्यही आहे, तेव्हा सुट्टीवरून परतताना रुमालात दगड बांधून आणू नये. या मोहाचा इतिहास जुना आहे. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांनी घरोघरी समुद्र कसा ठेवावा यावर पुस्तक लिहिले, आणि सुशिक्षित इंग्रज समाज बरण्या घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर इतक्या निष्ठेने उतरला की खडकांमधील डबकी ओस पडली. त्यांचे चिरंजीव एडमंड यांनी १९०७ साली आपल्या आत्मवृत्तात याबद्दल खंत व्यक्त केली. मार्गदर्शनपर लेखन इतके मनावर घेतले जाऊ नये अशी प्रस्तुत लेखकाचीही विनंती आहे.

पहिले रहिवासी म्हणून क्लाउन माशांची जोडी, शक्यतो टाकीतच पैदा झालेली, घ्यावी. यांच्या घराण्यात सत्ता राणीची असते. ती आकाराने मोठी, आणि राजा तिच्या मागे मागे. राणी निवर्तली तर दत्तकविधानाची वाट न पाहता राजाच स्वतः मादी होऊन गादीवर बसतो आणि खालचा एखादा धाकटा नर राजपदी चढतो. डलहौसीला हे संस्थान खालसा करता आले नसते. पुढचा मासा पंधरवड्याने, आणि तोही अमोनिया व नायट्राइट शून्य दिसले तरच आणावा. एकाच रविवारी सात मासे आणणाऱ्याला पुढच्या रविवारी पुन्हा बाजारात जावे लागते.

टाकी सजल्यावर पाहुणे येतात. कोकणातला पाहुणा काचेशी नाक लावून गंभीरपणे विचारतो, ‘हा तळून कसा लागतो?’ त्याला सुरमईच्या ताटाकडे न्यावे आणि वाद घालू नये.

राहिला गावी जाण्याचा प्रश्न. शेजारी प्रेमळ असतो आणि मासे उपाशी आहेत असे त्याला प्रत्येक वेळी वाटते. उरलेले अन्न कुजून टाकीचा जो निकाल लागतो तो गळतीनेही लागत नाही. म्हणून जितके दिवस जायचे तितक्या पुड्या बांधून, प्रत्येकीवर वार लिहून त्याच्या स्वाधीन कराव्यात, आणि खाद्याचा डबा कपाटात ठेवून किल्ली आपल्याबरोबर गावी न्यावी.