डोमेन हलवून गेलेल्या भावास खुले पत्र

भावा,

गडमुडशिंगीतल्या आमच्या मशीन शॉपचं डोमेन तू नव्या होस्टिंगवर नेलंस. वेबसाइट उघडली, तिचा फोटो पाठवलास आणि लगेच बिल मागितलंस. ती वेबसाइट बघून आम्हाला काम मिळत नाही. काम मेलवर येतं: पुण्याहून ड्रॉइंग, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीचं चलन, परचेस ऑर्डर. ते सगळं बंद पाडलंस आणि फोन केला तर म्हणालास, "चोवीस तासांत आपोआप होईल."

आपोआप काय होणार होतं? नेमसर्व्हर बदलले की जुनी एमएक्स नोंद मागोमाग येत नाही, ती नव्या ठिकाणी हाताने भरावी लागते. डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरवर द्यायची हे सांगणारी ही नोंद १९८६ पासून आहे. या धंद्यात असून तुला ती ठाऊक नसावी? तू ती भरली नाहीस, म्हणून नव्या होस्टिंगने तिथे स्वतःचाच सर्व्हर लावला. त्यावर आमचा एकही मेलबॉक्स नव्हता. सर्व्हर बंद असता तरी बरं होतं. पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. हा तर चालू होता आणि "या नावाचं इथे कुणी नाही" असं सांगून गिऱ्हाइकाची प्रत्येक मेल जागच्या जागी परत करत होता. शॉपला टाळं लागलं का, असं विचारणारे फोन आम्ही घेतले, तू नाही.

एमएक्स सुधारल्यावरही आमची कोटेशनं स्पॅममध्ये पडत होती. मेल खरंच आमच्या डोमेनची आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदीही तू मागेच सोडल्या होत्यास. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडे त्यातली एक तरी मागतं.

सर्वांत मोठा गुन्हा पुढचा. जुनं होस्टिंग बंद करायला तू निघाला होतास, आणि आमच्या सगळ्या जुन्या मेल त्याच सर्व्हरवर होत्या! त्या आयमॅपने नव्या मेलबॉक्समध्ये आणेपर्यंत तिथलं काहीही पुसायचं नसतं.

आसपासच्या कारखानदारांना माझी विनंती आहे: डोमेन स्वतःच्या नावावर ठेवा, त्याचा पासवर्ड स्वतःजवळ ठेवा आणि हलवण्याआधी जुन्या नोंदींची प्रत मागून घ्या.

आणि भावा, जुन्या मेल पूर्ण येऊन बाहेरच्या पत्त्यावर आमची मेल नीट पोचेपर्यंत तुझं बिल मिळणार नाही.