पन्नाशीनंतरचा धावक

महाराष्ट्राच्या शहरी मध्यमवर्गात गेल्या वीसेक वर्षांत जे नवे सामाजिक प्रकार उदयाला आले, त्यांत पन्नाशी ओलांडल्यावर धावू लागलेल्या गृहस्थाचे स्थान बरेच वरचे आहे. तो पुण्यात तळजाईच्या टेकडीवर, ठाण्यात उपवन तलावाकाठी आणि मुंबईत मरीन ड्राइव्हवर पहाटे पाचच्या सुमारास आढळतो, आणि अंधारातही ओळखू येतो, कारण त्याच्या अंगात मागील एखाद्या शर्यतीत मिळालेला झगझगीत पोपटी टी-शर्ट असतो. त्याच्या धावण्याचा उगम बहुधा एचबीएवनसी या रक्ततपासणीत सापडतो; ही तपासणी मागील सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगते आणि त्यामुळे आदल्या दिवशी पथ्य पाळून तिला फसवता येत नाही. अहवाल पाहून डॉक्टर त्याला रोज थोडे चालत जा एवढेच सांगतात. त्या चालण्याचे धावणे कसे झाले, याचे उत्तर मात्र वैद्यकात नसून त्याच्या कचेरीत आहे.

हा गृहस्थ बँकेत, विमा कंपनीत किंवा पाटबंधारे खात्यात तीस वर्षे काढलेला असतो आणि त्याची शेवटची बढती एक तर मिळून गेलेली असते किंवा न मिळताच राहिलेली असते. उद्दिष्टे, तिमाही आढावे, गोपनीय अहवाल आणि थकीत कामे यांना त्याने जन्मभर शिव्या दिलेल्या असल्या, तरी निवृत्तीनंतर त्यांच्याविना सकाळ कशी उजाडणार, या विचाराने तो मनातून धास्तावलेला असतो. मॅरेथॉन त्याला हे सारे परत मिळवून देते. पाच किलोमीटरवरून दहा, दहावरून अर्धमॅरेथॉन आणि तेथून पूर्ण मॅरेथॉन ही त्याची नवी वेतनश्रेणी असते. मुंबई मॅरेथॉनच्या पूर्ण अंतरासाठी आधीच्या शर्यतीतील वेळेचा पुरावा द्यावा लागतो, हे इतरांना जाचक वाटले, तरी त्याला ते योग्यच वाटते, कारण दाखला न मागणाऱ्या संस्थेवर त्याचा विश्वासच बसत नाही.

गोपनीय अहवालाचे काम आता मनगटावरचे घड्याळ करते. शाळेत शिकलेली गती, म्हणजे एका तासात कापलेले अंतर, ती कल्पना सोडून तो ‘पेस’ सांगू लागतो, म्हणजे एक किलोमीटर धावायला लागलेली मिनिटे. परिणामी तो लग्नाच्या पंगतीत “साडेसातवरून सातवर आणलं” असे अभिमानाने सांगतो, तेव्हा हा आकडा साखरेचा आहे की गृहकर्जाच्या व्याजाचा, हे ऐकणाऱ्याला उमगत नाही. हृदयाचे कमाल ठोके म्हणजे २२० वजा वय, हे सूत्र त्याला तोंडपाठ असते. हे सूत्र १९७० च्या सुमारास, इतरांच्या अभ्यासांतून जमवलेल्या आकड्यांवरून, ढोबळ अंदाज म्हणून पुढे आले आणि प्रत्यक्षात माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, असे कोणी निदर्शनास आणून दिल्यास तो तसे परिपत्रक दाखवण्यास सांगतो.

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर आहे. ते प्रथम १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेले आणि १९२१ मध्ये कायमचे ठरवले गेले. बोलण्याच्या ओघात कोणी नुसते बेचाळीस म्हटले, की हा गृहस्थ १९५ मीटरची दुरुस्ती सुचवतो, मग त्याने स्वतः एकवीसच्या पुढे कधी पाऊल टाकलेले नसले तरी. शर्यतीचा मार्ग वळणांच्या आतल्या कडेने, शक्य तितक्या जवळच्या रेषेवरून मोजला जातो, तर सामान्य धावक पाण्याच्या टेबलाकडे डावीकडे, छायाचित्रकाराकडे उजवीकडे आणि ओळखीच्या माणसाकडे कोठेही वळत जातो. त्यामुळे घड्याळात तीनचारशे मीटर जास्त भरतात. या जादा अंतराबद्दल तो आयोजकांना सविस्तर पत्र लिहितो आणि प्रत आपल्या धावगटाला पाठवतो.

घरच्या मंडळींना त्याच्या शनिवाराची खरी धास्ती असते. धावताना लागणारे इंधन शरीर ग्लायकोजेन या साखरेच्या साठ्यातून घेते. यकृतात आणि स्नायूंत असलेला हा साठा तीस-बत्तीस किलोमीटरच्या आसपास संपत येतो आणि पाय जड होऊन जागच्या जागी थिजल्यासारखे वाटते, म्हणून मोठ्या शर्यतीपूर्वीचे दोन-तीन दिवस पिष्टमय पदार्थ वाढवतात व त्याला ‘कार्ब लोडिंग’ म्हणतात. डॉक्टरांनी बंद केलेला भात, बटाटा आणि पुरणपोळी या एका इंग्रजी शब्दाच्या आडून स्वयंपाकघरात परत येतात, आणि रविवारी धावायचे फक्त सहा किलोमीटर असले, तरी साठा बेचाळीसचा केला जातो. रात्री साडेनऊला घरातले दिवे मालवले जातात. (या प्रकारातील स्त्री हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, ती कुकरच्या शिट्ट्या उरकून येते, घड्याळाकडे पाहत नाही आणि बहुधा याच्या आधी पोहोचते.)

त्याचे दैवत फौजा सिंग. उतारवयात धावण्याकडे वळलेल्या या गृहस्थांनी २०११ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, टोरोंटोची मॅरेथॉन पूर्ण केली, पण जन्मदाखला नसल्यामुळे गिनीजने त्यांच्या विक्रमाची नोंद केली नाही. या कथेतून सामान्य माणूस जिद्दीचा बोध घेतो. हा मात्र त्याच संध्याकाळी स्वतःच्या जन्मदाखल्याच्या तीन साक्षांकित प्रती काढून ठेवतो. वयोगटांवरही त्याचे बारीक लक्ष असते, कारण जेथे साठीपासून नवा गट सुरू होतो, तेथे एकोणसाठाव्या वर्षी गटात सर्वांत थोराड असलेला माणूस एका वाढदिवसात सर्वांत तरुण ठरतो; साठी कधी लागते याची वाट पाहणारा असा दुसरा प्राणी समाजात आढळणे कठीण.

यथावकाश त्याचा गुडघा दुखू लागतो. पहिला अस्थितज्ज्ञ सहा आठवडे विश्रांती सांगतो, दुसराही तेच सांगतो, आणि दोघांनाही धावण्यातले काही कळत नाही, या निष्कर्षाप्रत येऊन तो स्वतः धावणारा डॉक्टर शोधून काढतो. तेथे गुडघा पाच मिनिटांत तपासून होतो आणि उरलेला अर्धा तास साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमधील यवतेश्वर घाटाची चढण कोणत्या पेसने घ्यावी, यावर चर्चा चालते. विश्रांती सहा आठवड्यांचीच ठरते. मात्र ती शर्यतीनंतर घ्यावी, यावर डॉक्टर आणि रुग्ण यांचे एकमत होते, आणि त्याच सुमारास टेबलाखाली डॉक्टरांच्या गुडघ्यावरही तसाच पट्टा बांधलेला रुग्णाच्या नजरेस पडतो.