ज्याचं त्याचं

परदेशात राहणाऱ्याला घरच्या फोनवर एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: ‘तिकडची माणसं फार स्वार्थी हो. ज्याचं त्याचं!’ माझी मावशी हे इतक्या खात्रीनं सांगते, की जर्मनीत मी राहतो की ती, असा मलाच प्रश्न पडतो.

तसे पुरावे तिच्याच बाजूचे आहेत. चार मित्र हॉटेलात जेवले की वेटर विचारतो, बिल एकत्र की वेगवेगळं? मग ज्याचं सूप त्यानं, ज्याची बिअर त्यानं. आपल्याकडे बिलावरून जी झटापट होते, मनगटं धरली जातात, पाकिटं परत खिशात कोंबली जातात, तो सोहळा इथे नाही. (त्या झटापटीत एखादा वेळेवर हात सैल सोडतो, हा भाग वेगळा.) आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींचा मुलगा याच स्टुटगार्टमध्ये राहतो आणि आईकडे वेळ ठरवून येतो. याचं मला वाईट वाटतं. आजींना वाटत नाही.

याच आजी केअरवोखच्या बाबतीत मात्र कडक. जिना झाडण्यापुसण्याची पाळी दर आठवड्याला फिरते, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लागते. महापालिकेची सक्ती १९८८ साली गेली, भाडेकरारांतली राहिली. मी जिना पुसला की आजी खाली येतात, कठड्याच्या गजावरून बोट फिरवतात, ते बोट मला दाखवतात आणि एक अक्षर न बोलता वर जातात. पण बसस्टॉपवर पाणी पिऊन झालं की रिकामी बाटली आजी कचऱ्याच्या डब्यात टाकत नाहीत, शेजारी उभी करून ठेवतात. बाटली परत केली की २५ सेंट मिळतात. ती गोळा करणाऱ्या गरिबाला डब्यात हात घालावा लागू नये, एवढाच हेतू. घेणारा कोण, हे आजींना कधी कळत नाही. देणगीदारांच्या यादीत नाव लागण्याची तर सोयच नाही.

अपघातात सापडलेल्याला शक्य असूनही मदत न करणं हा इथे गुन्हा आहे. वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, ‘बघ! माणुसकीलासुद्धा कायदा लागतो त्यांना.’ खरंय. आपल्याला तो लागत नाही. आपल्याकडे फक्त मदत करणाऱ्याला चौकशीच्या फेऱ्यातून वाचवायला २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम घालावं लागलं. आणि आईवडिलांना सांभाळा, हे मुलांना सांगणारा २००७चा कायदाही आपलाच.

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत जिना पुसायला कामाच्या मावशी येतात. त्यांना दिवाळीला बोनस द्यावा की नाही, यावर गेल्या वर्षी सर्वसाधारण सभेत दीड तास चर्चा झाली. विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे.