बारा फुटांची हौस

सोलापुरात कापडाबद्दल कुणाला काही विचारू नये. न विचारताच सांगतात. इथं घरटी एक तरी माणूस मागावर, कांडीवर, सायझिंगमध्ये नाहीतर गिरणीत राबलेलं असतं. आम्ही राहतो नव्या पेठेत, कापडाच्या दुकानांच्या डोक्यावर. जिना उतरलं की चहूकडे साड्या, शर्टिंग, ड्रेस मटेरियल आणि त्यातून वाट काढणारी गिऱ्हाइकं. माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये विणकाम खात्यात होते. मी बँकेत चिकटलो, आणि शर्टाचं बटण लावण्यापुरताही माझा सुईशी संबंध आला नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर मी घरात लाँगआर्म क्विल्टिंग मशीन आणणार हे जाहीर केलं, तेव्हा सौ.नं आधी माझ्या बीपीची गोळी तपासली.

कारण साधं होतं. माळ्यावरच्या ट्रंकेत आईची इरकली लुगडी होती. नेसायला कुणी नाही, टाकवत नाहीत. अशा लुगड्यांची आपल्याकडे गोधडी होते. अक्कलकोटच्या बाजूला तिला कौदी म्हणतात, कुठं वाकळ म्हणतात. चार बायका भोवती बसून धावदोरा घालतात आणि महिना-पंधरा दिवसांत पांघरूण तयार होतं. हा सरळ मार्ग सौ.नं सुचवलाही होता. पण तेवढ्यात न्यू जर्सीच्या भाचीनं व्हिडिओ पाठवला: "मामा, बघ, मी काय शिवलं!"

व्हिडिओत भाची शिवत नव्हती, हिंडत होती. घरच्या शिलाई मशीनवर सुई एका जागी वरखाली होते आणि कापड आपण सरकवायचं असतं. गोधडीचं बोचकं त्या मशीनच्या काखेतून सरकवणं ही शिक्षाच, कारण काखेत जागा सहा-आठ इंचांची. लाँगआर्ममध्ये सगळा कारभार उलटा. कापड दहा-बारा फुटांच्या चौकटीवर रोलरना गुंडाळून ताणून बसवायचं, आणि मशीनच चाकांवर बसून रुळांवरून मागेपुढे, डावीउजवीकडे फिरतं. घरच्या मशीनचा हात धरून कुणीतरी ओढून लांबवावा तसा त्याचा हात वीस-पंचवीस इंचांचा. पुढं दोन मुठी. त्या धरायच्या आणि मनात येईल ती नक्षी कापडावर काढत जायची.

"हातानं टाचतात ती खरी गोधडी," सौ. म्हणाली.

मी अभ्यास करून ठेवला होता. अमेरिकेत केंटकी राज्यात पडूका नावाचं गाव आहे. गोधड्यांची पंढरीच म्हणायची. तिथं 1991 पासून गोधड्यांचं संग्रहालय आहे. त्याच गावच्या मोठ्या स्पर्धेत 1989 साली पहिल्यांदा यंत्रावर टाचलेल्या गोधडीला सर्वोच्च बक्षीस मिळालं आणि हातवाल्या मंडळींत बरीच कुरबुर झाली. हे सगळं सांगून मी म्हणालो, "तेव्हा हात की यंत्र, याचा निकाल 1989 सालीच लागलाय."

"मग आणा," ती म्हणाली. "निकाल लागायचाच असेल तर घरी लागू दे."

बंगळुरूच्या एका बाईंनी आपलं क्विल्टिंगचं काम बंद केलं होतं, त्यांच्याकडून जुनं मशीन मिळालं. किती पैसे मोजले ते इथं लिहीत नाही. हा लेख घरातही वाचला जातो.

मशीन छोट्या हत्तीतून आलं, तेही संध्याकाळी, नवी पेठ ऐन भरात असताना. टेम्पोतून स्टीलचे लांबलचक रूळ आणि रोलर बाहेर डोकावत होते. नळाला चार-चार दिवस पाणी न येणाऱ्या गावात लांब पाइप दिसला की लोकांना एकच गोष्ट सुचते. "बोअर घेताय का साहेब? पहिल्या मजल्यावर?" असं तिघांनी विचारलं. चौथ्यानं किती फुटांवर पाणी लागलं ते विचारलं.

आमचा जिना लाकडी, अरुंद आणि मध्येच वळणारा. कपाटं, पलंग सगळं गॅलरीतून दोरानं चढवायची पद्धत आहे. हमालांनी दोर टाकला, पहिला रूळ वर निघाला आणि हेलकावला. खालच्या दुकानाबाहेर साडी नेसवलेला पुतळा उभा असतो. रुळाच्या टोकाला त्याचा पदर अडकला, आणि पुतळा मोठ्या डौलानं जमिनीपासून वीतभर उचलला गेला. दुकानदार भला माणूस. "साहेब, साडी पसंत असेल तर जिन्यानं न्या," एवढंच म्हणाला. ती साडी मी घेतली. सौ.ला आवडली. या सगळ्या खर्चात तेवढीच.

हॉलची लांबी मी मोजली नव्हती. राहतं घर कोण मोजतं? चौकट दहा फुटांचीही जोडता येते असं पुस्तिकेत लिहिलं होतं, पण बारा फुटांचे पैसे मोजून दहा फूट वापरायचे हे बँकेत जन्म काढलेल्या माणसाला पटेना. बारा फूट जोडले. एक टोक देवघराला टेकलं, दुसरं बेडरूमच्या दारातून आत गेलं, आणि त्या दिवसापासून आमच्या बेडरूमचं दार लागलेलं नाही.

आता फरशी. आमची जमीन शहाबादी, जुनी, आणि घासूनपुसून गुळगुळीत झालेली. धुतलेलं पाणी निघून जावं म्हणून गवंड्यानं तिला मोरीकडे उतार दिलाय. पाणी शहाणं, ते उतारानं जातं. वीस किलोच्या आसपासचं मशीनही तेवढंच शहाणं निघालं. रात्री पंख्याच्या वाऱ्यानं म्हणा, रस्त्यावरून गेलेल्या ट्रकच्या हादऱ्यानं म्हणा, घर्रर्र करून ते रुळांवरून निघालं आणि मोरीच्या बाजूच्या टोकाला जाऊन धडकलं. त्या टोकाखाली, उघड्या दारापलीकडे, सौ. झोपली होती. तिनं आधी मारुतिस्तोत्र म्हटलं आणि मग मला जे म्हटलं ते स्तोत्र नव्हतं.

सकाळी गवंड्याची पाणसळ मागून आणली. चौकट सपाटीला नसेल तर मशीन हाताला ओढ देतं, सरळ रेघ सरळ येत नाही, हे पुस्तिकेत पहिल्याच पानावर होतं. मी शेवटच्या पानापासून वाचलं होतं, वॉरंटी बघायला. पायांखाली घालायला लाकडाचे तुकडे सापडेनात, म्हणून बँकेच्या जुन्या डायऱ्या घातल्या. नोकरीभर त्यांचा काय उपयोग होता हे मला कधी कळलं नव्हतं.

मशीन अमेरिकन, त्याला 110 व्होल्ट लागतात. आपल्याकडे 230. सोबत आलेला ट्रान्सफॉर्मर जोडायला वायरमन आला, तो जोडून झाल्यावर हात जोडून गेला. हा ट्रान्सफॉर्मर चालू असताना सतत गुणगुणतो. आल्यागेल्याला वाटतं, आत कुणीतरी जप करतंय.

आणि मग अण्णा आला. शाळेतला सोबती, पद्मशाली, अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत जन्मभर जॉबर. माग बिघडला की मालक आधी जॉबरला शोधतात आणि मग देवाला. त्यानं मशीनभोवती एक फेरी मारली.

"काय बे हे? सुई हिंडतीय आणि कापड बसून हाय?"

"तंत्रज्ञान आहे," मी म्हणालो.

"किती कपडे घालणार मध्ये?"

मी सांगितलं. वर लुगड्यांच्या तुकड्यांचा थर, मध्ये पॉलिएस्टरचं वाडिंग, खाली अस्तर. आणि अस्तर म्हणून, सोलापूरकर या नात्यानं, मी अस्सल सोलापुरी चादर निवडली होती. जॅकार्डवर विणलेली, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी, 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली चादर. याहून भारी अस्तर जगात कुठल्या गोधडीला लागलं असेल?

अण्णा खुर्चीवर बसला. "चादरीला अस्तर लावतात का, चादरीचं अस्तर करतात बे? ती सोता पांघरूण हाय की!"

मी खटका दाबला. मशीन सुरात सुरू झालं, वीतभर गेलं, आणि टक्कन सुईचा तुकडा उडून देवघरातल्या समईवर वाजला. दुसरी सुई घातली. ती समईपर्यंतही गेली नाही.

चादर काढली. साधं सुती अस्तर आणलं, तेही बरोबर गोधडीएवढं. अस्तर चारी बाजूंनी चार-चार इंच जास्त लागतं, कारण ते रोलरच्या पट्ट्यांना टाचायचं असतं. पुन्हा खाली उतरलो. पुन्हा कापड आणलं. त्या दुकानदारानं आता मला पाहिलं की पुतळा आत घ्यायला सुरुवात केली.

या खेपेला टाके पडले. वरून पाहिलं तर देखणे. मी सौ.ला, शेजारच्या काकूंना, अण्णाला बोलावून दाखवले. अण्णानं काही न बोलता चौकटीखाली डोकं घातलं. खालच्या बाजूनं प्रत्येक वळणावर दोऱ्याचे फास लोंबत होते. वरचा दोरा सैल आणि खालचा ताठ, की असंच होतं. अमेरिकेतल्या बायका या फासांना पापण्या म्हणतात. माझ्या गोधडीला दाढी आली होती.

पुढचा तासभर जो मी पाहिला, तो या सगळ्या उद्योगातला सर्वांत चांगला. अण्णानं बॉबिनची डबी काढली, दोऱ्याला धरून लोंबती ठेवली. ती जागची हलली नाही. त्यानं डबीवरचा इवलासा स्क्रू नखानं, खरंच नखानं, किंचित फिरवला. पुन्हा लोंबती धरली. आता ती भसकन खाली आली. पुन्हा जरासा मागे. मग डबी आपल्या वजनानं सावकाश, न थांबता, न घाई करता उतरू लागली. "हां," तो म्हणाला. त्यानं आयुष्यात लाँगआर्म पाहिलं नव्हतं, पुस्तिका वाचली नव्हती, आणि त्याला ती वाचायची गरजही नव्हती. मग ब्रशनं आतली रुई झाडली, तेलाचा एक थेंब सोडला. मी दुसरा थेंब सोडायला गेलो तर हातावर चापट मारली.

दाढी गेली. आता नक्षी.

मशीनला टाक्यांची लांबी सारखी ठेवणारं यंत्र असतं. हात हळू चालला तर सुई हळू, भरभर चालला तर भरभर. इंचात दहा टाके म्हटले की दहाच पडतात. फक्त हात कुठं न्यायचा हे ते सांगत नाही. मी कोयरी काढायला गेलो, बटाटा झाला. मोर काढायला गेलो, त्याचाही बटाटा झाला, पण पाय असलेला. हात थरथरायला लागला, आणि मग एकाएकी, काही न ठरवता, सराईतपणे, एक सुंदर लपेटदार वळण उमटलं. खाली रेघ, रेघेवर दोन टिंबं. माझी सही.

या हातानं जन्मभर दुसरं केलंय काय? ड्राफ्ट, चेक, व्हाउचर, रजेचे अर्ज. मी दुसरी सही केली. तिसरी केली. काय सुख होतं ते! एकसारख्या, जिवंत, न अडखळणाऱ्या सह्या, या काठापासून त्या काठापर्यंत, ओळीखाली ओळ. संध्याकाळपर्यंत अख्खी गोधडी मंजूर झाली.

सौ.नं दिवा लावून पाहिलं. "हे पांघरायचं आहे की बँकेत जमा करायचं?"

ही सरावाची गोधडी होती, दुकानातल्या नव्या तुकड्यांची. आता आईची लुगडी. इथं मात्र मशीननं हात टेकले, म्हणजे मी टेकवायला लावले. इरकलीचं अंग सुती आणि टोपपदर रेशमी. दोन्हींचे ताणे वेगवेगळे, आणि मागावर ते एकमेकांत अडकवून जोडलेले. त्यात लुगडं वर्षानुवर्षं नेसलेलं, म्हणजे काठ घट्ट, मध्ये झिजून मलमल. लाँगआर्मला सगळीकडे सारखा ताण हवा असतो. रोलरचा खटका एकेक दात पुढं सरकतो, कट, कट. कापड अजून जरा सैल वाटत होतं. मी आणखी एक दात दिला. चर्रर्र. पदर जोडावरून उसवला आणि अंग मधोमध विरलं.

त्या दिवशी कुणी मला काही बोललं नाही. सौ.सुद्धा नाही.

दोन दिवसांनी तिनं अक्कलकोटकडच्या एका मावशींना बोलावलं. कौद्या शिवतात, कानडी बोलतात, मराठी कामापुरतं. मावशींनी आधी चौकटीकडे पाहिलं, मग चौकटीखालची रिकामी जागा पाहिली आणि तिथंच, शहाबादी फरशीवर, बसल्या. लुगड्याचा फाटका भाग आत, धड भाग वर, असे थर घातले. कुठं घडी पडली तर ओढलं नाही. तळहातानं थोपटत थोपटत ती काठाकडे नेली आणि तिथंच टाक्यात मुरवली. काठापासून आत आत येत गेल्या. मी विचारलं, ताण कसा धरता?

"वढायचं नसतंय सायेब," त्या म्हणाल्या. "बसवायचं असतंय."

दुपारी चहा पिताना त्यांची नजर माझ्या पहिल्या कलाकृतीकडे गेली. बराच वेळ त्यांनी ती न्याहाळली. "हे कानडी न्हवं," त्या म्हणाल्या. "तेलगू काय?" अण्णा म्हणाला, तेलगू पण नाही.

सह्यांची गोधडी अण्णानंच नेली. कुणी उसने पैसे मागायला आलं की तो ती दाखवतो आणि म्हणतो, साहेबाची सही हाय, पण बँकेत शिल्लक नाही. भाचीला फोटो पाठवला तर तिनं कळवलं, "मामा, किती ओरिजिनल डिझाइन!" तिलाही एक हवी आहे. आईच्या लुगड्यांची कौदी मावशींनी पुरी केली. मजुरी त्यांनी सांगितली तेवढी दिली, आणि ती मशीनच्या नुसत्या ट्रान्सफॉर्मरपेक्षा कमी होती.

मशीन उत्तम आहे, यात शंका नाही. नवं, एकसारखं, सुती कापड द्या, भाचीसारखा हात द्या, ते चोख काम करतं. जुन्या, झिजलेल्या, तऱ्हेतऱ्हेच्या कापडाला मात्र माणसाचा तळहातच लागतो. सध्या मशीन आमच्या हॉलमध्ये उभं आहे, चालू आहे, आणि एकटं आहे. नव्या पेठेतल्या, किंवा बाहेरच्याही, कुणाला शिवून पाहायचं असेल तर अवश्य यावं. अण्णा रविवारी असतो. कापड धुऊन, इस्त्री करून आणावं, अस्तर चारी बाजूंनी चार इंच जास्त घ्यावं. सोलापुरी चादर कृपया आणू नये.