तळहाताची पूर्वतयारी

गणपती जवळ आले की पुण्यात दोन कातड्यांची काळजी सुरू होते: एक ढोलाची आणि दुसरी ढोल वाजवणाऱ्याची. ढोलाच्या पानाचं बरं असतं. सैल पडलं तर दोरी ताणता येते, फाटलं तर बदलता येतं, आणि हल्ली ते फायबरचंही मिळतं. वादकाच्या तळहाताला यातली एकही सोय नाही. एका हाताने टिपरू घट्ट धरायचं, दुसऱ्या हाताने उघडी थाप मारायची. मग नव्या वादकाच्या अंगठ्याच्या बेचक्यात फोड आणि थापेची बोटं सुजलेली, हे ठरलेलंच. त्यानंतर सल्ल्यांची रांग लागते. तुरटीच्या पाण्यात हात बुडव, कोऱ्या चहात बुडव, स्पिरिट चोळ, मिठाच्या पाण्याचा शेक घे. सल्ला देणाऱ्याचा स्वतःचा तळहात मागून पाहावा. तो बहुधा लोण्यासारखा निघतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की हात बाहेरून काही लावून टणक होत नाहीत, ते त्याच कामाने होतात, आणि तेही बेताबेताने केलेल्या. तुरटी आणि चहा हे उपाय मुळात चामडं कमावणाऱ्यांच्या हौदातले आहेत. तुरटीने कातडं कमावतात हे खरं, बाभळीच्या सालीतल्या टॅनिननेही कमावतात, आणि चहात टॅनिन असतं हेही खरं. पण हौदातलं कातडं मेलेलं असतं, आणि टॅनिन पकड घेतं ते त्याच्या आतल्या थरातल्या कोलॅजनवर. आपल्या तळहाताच्या वरच्या थरात कोलॅजन नसतंच. तिथे असतं केराटिन. शिवाय त्या थराची नेमणूकच बाहेरचं आत येऊ न देण्यासाठी झालेली आहे. तरीही चुकून काही मुरलंच, तर तो थर झडताना तेही बरोबर घेऊन जातो. घट्टा उगवतो तो खालून. एकाच जागी पुन्हा पुन्हा, पण सोसेल इतका दाब आणि घासणी पडत राहिली, की तळाच्या पेशी अधिक वेगाने वाढतात आणि वर केराटिनचे थर साचत जातात. हेच काम एका संध्याकाळी हौसेने तीन तास केलं, तर कातडीला थर रचायला सवड मिळत नाही. वरची कातडी टिपराबरोबर सरकते, खालची हाडाबरोबर जागेवर राहते, मधल्या जिवंत पेशींची ताटातूट होते आणि त्या फटीत पाणी भरतं. झाला फोड. त्यात सराव ऐन पावसाळ्यात. हात दमट, टिपरू दमट; आणि दमट कातडी कोरडीपेक्षा जास्त घासली जाते.

इथे एखादा चिकित्सक वाचक म्हणेल, दमटपणाच वैरी असेल तर हात कोरडे करणारं औषध लावायला काय हरकत आहे? आक्षेप चोख आहे, आणि त्याला पुरावाही आहे. अमेरिकेच्या लष्करी अकादमीतल्या कॅडेटांवर एक चाचणी झाली होती. घाम रोखणारं औषध पायांना लावून त्यांना २१ किलोमीटर चालवलं. ते नेमाने लावणाऱ्यांत २१ टक्क्यांना फोड आले, नुसतंच बिनऔषधी द्रावण लावणाऱ्यांत ४८ टक्क्यांना. पण औषधवाल्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांची कातडी चुरचुरली. म्हणजे फोड टळले, पण कातडी टणक झाली नाही. ती फक्त कोरडी आणि नाराज झाली. हातापुरतं बोलायचं तर खिशात सुती रुमाल ठेवावा, तो चुरचुरत नाही. चिकटपट्टीचंही तसंच: मिरवणुकीच्या दिवशी बोटांना जरूर गुंडाळा, पण रोजच्या सरावात ती घासणी स्वतःवर घेते आणि घट्टा पट्टीलाच येतो.

दुसरा आक्षेप खानदानी आहे: काहींचे हात जन्मतःच कणखर असतात. डार्विनने १८७१ सालीच नोंदवून ठेवलं आहे की जन्माच्या कितीतरी आधी बाळाच्या तळपायाची कातडी बाकीच्या अंगापेक्षा जाड असते. गर्भात चालण्याची सोय नाही, तरीही! पण ही जाडी सगळ्यांनाच मिळते, नांगर धरणाऱ्याच्या मुलाला आणि वकिलाच्या मुलालाही. त्यापुढचे थर ज्याचे त्याने कमवायचे, आणि तेही नेमक्या जागी. सतारियाला घट्टे पडतात ते डाव्या हाताच्या तर्जनीला आणि मधल्या बोटाला. तव्यावरची भाकरी बोटांनी उलटणारी बाई चटका सोसते. पण दोघांच्या हाती टिपरू दिलं तर बेचक्यातली कातडी दोघांचीही कोरीच. घट्ट्याची बदली एका खात्यातून दुसऱ्या खात्यात होत नाही.

तिसरा आक्षेप नाजूक मंडळींचा: घट्ट्यांनी स्पर्श मरतो. केनियातल्या अनवाणी चालणाऱ्या माणसांच्या पायांचा अभ्यास २०१९ साली ‘नेचर’मध्ये आला. त्यात जाड घट्टे असूनही तळव्यांची संवेदना कमी झालेली आढळली नाही; घट्टा कडक असल्याने जमिनीचा धक्का आतपर्यंत पोचतो, बुटाचा मऊ तळ मात्र तो गिळून टाकतो. बोचतं ते घट्ट्याच्या वाढलेल्या कडांमुळे; त्या अडकून उपटल्या की खालची कोवळी कातडी उघडी पडते. त्यासाठी न्हाणीघरातली टाचा घासायची वज्री पुरे. आंघोळीनंतर कातडी मऊ असताना कडा सपाट करायच्या, घट्टा मुळासकट काढायचा नाही.

विसर्जन झालं, टिपरं पिशवीत गेली की तळाच्या पेशीही सैलावतात आणि घट्टा हळूहळू झिजून जातो. त्यामुळे गेल्या वर्षीच्या घट्ट्यांवर विसंबून सरावाला दांड्या मारणारा जुना वादक आणि कालच नाव नोंदवलेला पोरगा, दोघांनाही फोड एकाच संध्याकाळी येतात. फरक इतकाच, की जुना वादक तो कोणाला दाखवत नाही.