खिशातला बंदोबस्त

सुट्टीच्या संध्याकाळी गेटवे ऑफ इंडियासमोर उभ्या असलेल्या प्रत्येकाची तक्रार एकच असते: काय ही गर्दी! या गर्दीत स्वतःला मात्र कुणी मोजत नाही. आपण आलो ते पर्यटक, बाकीचे आले ती गर्दी. आपला तो बाब्या हा जुनाच न्याय. पूर्वी या दुःखावर इलाज नव्हता, आता तो मोबाइलमध्ये आहे. फोटोतल्या माणसावर बोट फिरवलं की माणूस गायब, आणि त्याच्या जागी फोन आपल्या मनाने फरशी भरून देतो. सगळे पुसून झाले की चौकटीत उरतो आपण आणि आपला गॉगल. साहेबांच्या गाडीसाठी रस्ता मोकळा करायला निदान दोरी, शिट्टी आणि चार हवालदार लागतात. व्हीआयपी संस्कृतीवर तावातावाने बोलणाऱ्यांनी हा एका बोटाचा बंदोबस्त मात्र बिनतक्रार खिशात बाळगला आहे.

वास्तू या हौसेला साजेशी आहे, हे मान्य करायला हवं. ती उभारली गेली १९११ साली अपोलो बंदरावर उतरलेल्या पंचम जॉर्ज बादशहाच्या आगमनाची आठवण म्हणून. पायाभरणी १९१३ ची, उद्घाटन १९२४ चं. म्हणजे पाहुणा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी दाराला कमान लागली. (आपले कंत्राटदार उगाच बदनाम आहेत.) फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडीही याच कमानीतून निघून गेली. पुढे या दगडांना जो काही अर्थ आला, तो घारापुरीची लाँच पकडायला धावणाऱ्यांमुळे, मांडव्याहून परतणाऱ्यांमुळे, गळ्यात कॅमेरा अडकवून गिऱ्हाईक शोधणाऱ्या फोटोवाल्यांमुळे. हे सगळे पुसले की उरते ती फक्त बादशहाची वाट पाहणारी कमान.

जाणकार म्हणतील, वास्तूचं सौंदर्य निर्भेळ दिसायला नको का? जरूर दिसावं. पण मधला घुमट ४८ फूट व्यासाचा आहे, हे रिकाम्या फोटोत कळणार कसं? एकोणिसाव्या शतकात पडक्या देवळांचे फोटो काढणारे लोक पुष्कळदा एखाद्याला मुद्दाम खांबाशी उभं करत, उंचीचा अंदाज यावा म्हणून. आपण फुकटात मिळालेली शेकडो मापं खोडतो आणि फोटोखाली ‘भव्य’ असं लिहितो. दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: भल्या पहाटे उठून जाणाऱ्याने कुणाला पुसलं? कुणालाच नाही, त्याच्या उठण्याला नमस्कार. फक्त त्याने चौकटीबाहेर ठेवलेला झाडूवाला, लाँचवरचे खलाशी आणि त्याच एकांतासाठी शेजारी कॅमेरा रोखून उभे असलेले बाकीचे एकांतप्रिय मोजले, तर ती पहाट तितकीशी निर्मनुष्य राहत नाही. खरी निर्मनुष्यता आपल्याला एकदा मिळालीही होती. २०२० च्या टाळेबंदीत गेटवेसमोरचं पटांगण ओस पडलं आणि वर्तमानपत्रांनी ते छापलं. चौकट हवी होती तशी, स्वच्छ. ती पाहून कुणी सहलीचे बेत आखले नाहीत, दाराची कडी तेवढी पुन्हा तपासली.

गर्दी घालवण्याची आणखी एक युक्ती छायाचित्रकार सांगतात: भिंगावर काळी काच लावा आणि कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवा, चालणारी माणसं आपोआप विरून जातात. ही युक्ती फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. १८३८ मध्ये फ्रेंच छायाचित्रकार दागेरने पॅरिसच्या एका रहदारीच्या रस्त्याचं चित्र घेतलं. प्रकाश टिपायला काही मिनिटं लागली, तेवढ्यात घोडागाड्या आणि पादचारी ठसा न उमटवता निघून गेले. राहिला एक माणूस, आणि त्याच्या पायाशी पुसटसा दुसरा. एक जण बूट पॉलिश करून घेत थांबला होता म्हणून. आज ते चित्र समोर आलं की लोक इमारती बघत नाहीत, डावीकडे खालच्या कोपऱ्यात त्या दोघांना शोधत बसतात. दागेरकडे त्यांना पुसायचं बटण नव्हतं.