अप्पांची मनःशांती

सकाळी फिरायला जाणाऱ्यांत अनेक जाती असतात. कुत्रा ज्यांना फिरवून आणतो ते, डॉक्टरांनी दम भरलेले, आणि मिसळीच्या वाटेवर टेकडी लागते म्हणून नाइलाजाने चढणारे. अप्पा यांतले कोणीच नव्हेत. ते मनःशांतीसाठी चालतात, आणि समोरच्यालाही ती दिल्याशिवाय सोडत नाहीत.

पुण्यातल्या कुठल्याही टेकडीवर जा, अप्पा भेटतीलच. तळजाईवर ते कानटोपीत असतात, हनुमान टेकडीवर विंडचीटरमध्ये. आमच्या वेताळ टेकडीवरच्या अप्पांच्या हातात काठी असते. काठी कुत्र्यांसाठी, असं ते सांगतात. प्रत्यक्षात ती मोबाइलवर मोठ्याने गाणी लावणाऱ्या पोरांवर रोखली जाते. 'इथे शांततेसाठी येतो माणूस!' ही गर्जना पार खाणीपर्यंत ऐकू जाते.

अप्पांचं वाचन दांडगं. पहिल्या चढालाच ते सुरू होतात. 'स्टॅनफर्डवाल्यांनी २०१५ साली दाखवून दिलंय. माणसाला नव्वद मिनिटं झाडाझुडपांतून चालवलं की त्याचं तेच ते उगाळणं कमी होतं. मेंदूचा तो भागच गप्प बसतो. रहदारीच्या रस्त्याकडेने चाललात तर नाही हं!' प्रयोग खरा आहे. फक्त त्यात अप्पा नव्हते. कारण दुसऱ्या चढाला सोसायटीच्या टाकीचा विषय निघतो, खाणीपाशी धाकट्या भावाने केलेली वाटणी येते, आणि वेताळबाबाच्या देवळाशी पोचेपर्यंत आपण १९८७ साली बँकेत हुकलेल्या प्रमोशनपाशी आलेलो असतो.

यालाही शास्त्राधार आहे म्हणा. वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस, चाळीस-चाळीस मिनिटं चालणाऱ्या वयस्कांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस दोनेक टक्क्यांनी वाढला, असं २०११ साली अमेरिकेतल्या संशोधकांना आढळलं. हा भाग स्मरणशक्तीचा. अप्पा तर रोज चालतात. त्यामुळे ते प्रमोशन त्यांना साहेबाच्या टायच्या रंगासकट आठवतं. शिडी नेऊन परत न करणारा शेजारी आठवतो, शिडीच्या पायऱ्याही आठवतात.

खरी तपश्चर्या मात्र दहा हजार पावलांची. फोनने मोजली तीच पावलं खरी. एकदा अर्ध्या वाटेत बॅटरी संपली, तर घरी येऊन फोन चार्ज करून अप्पा पुन्हा टेकडीवर. रात्री आकडा कमी भरला की गॅलरीत येरझारा सुरू होतात, आणि खालच्या मजल्यावरच्यांची झोप मोडते. त्यांच्या मनःशांतीचं काय, हा प्रश्न त्यांनी सोसायटीच्या सभेत मांडला होता. शेवटी त्याच घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने अप्पांना गाठून सांगितलं, 'अप्पा, तो दहा हजारांचा आकडा १९६५ सालच्या एका जपानी पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून आलाय. विक्रीसाठी. कुठल्या संशोधनातून नाही निघालेला.' अप्पा विचारात पडले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अकरा हजार सुरू केली. जाहिरातीला बळी पडणाऱ्यांतले ते नव्हेत.

तरीही एक मानावं लागेल. टेकडी उतरताना अप्पा खरंच हलके होतात. कपाळावरची आठी जाते, ओठांवर नाट्यगीत येतं, पोह्यांची आठवण येते. चालण्याने मन मोकळं होतं म्हणतात ते खोटं नाही. अप्पांचं मोकळं झालेलं सगळं आपल्यात भरलेलं असतं, इतकंच. मी स्वतः एकदा संध्याकाळपर्यंत, ऐन कामाच्या गर्दीत, त्यांच्या भावाने पूर्वेकडची खोली का घेतली याचा विचार करत बसलो होतो. त्या भावाला मी आजवर पाहिलेलं नाही.

पावसाळ्यात पंचाईत होते. जुलैत झड लागली की अप्पा घरातच चालतात: हॉल, पॅसेज, ओटा, परत हॉल. ओट्याशी आले की प्रत्येक फेरीला एक सूचना. 'अगं, गॅस मोठा आहे.' पुढच्या फेरीला, 'डाळीवर झाकण नाही.' त्याच्या पुढच्या फेरीला, 'एवढी कोथिंबीर?' यंदा असे दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी काकू भर पावसात लक्ष्मी रोडवर जाऊन पावसाळी बूट, रेनकोट आणि फोनला गुंडाळायची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. 'अहो, थांबलाय बघा पाऊस,' असं म्हणून त्यांनी दारही उघडलं. पाऊस थांबलेला नव्हता.

अप्पा जिना उतरल्यावर काकू गॅलरीत खुर्ची टाकून, आल्याचा चहा घेऊन, पाय लांब करून बसल्या. समोरच्या गॅलरीतून मी विचारलं, 'काय काकू, अप्पांच्या चालण्याचा होतोय का काही फायदा?'

'होतो तर! मला फार बरं वाटतं,' काकू म्हणाल्या. 'फक्त त्या स्टॅनफर्डवाल्यांना कोणीतरी कळवा. नव्वद मिनिटं फार कमी पडतात. निदान दोन तास करा म्हणावं.'